बरणीतला कवड्या आणि इतर पत्रं

पाऊस सुरू झाला की या सदराच्या टपालात सापांची पत्रं वाढतात. बिळांत पाणी शिरतं, साप कोरडी जागा शोधत पडवीत, बाथरूममध्ये, जळणाच्या ढिगात येतात. बहुतेक जण घाबरून लिहितात. पण दर वर्षी चार-दोन पत्रं अशी असतात, की लिहिणाऱ्याला साप आवडलेला असतो आणि त्याला तो ठेवून घ्यायचा असतो. या महिन्यात तशीच पत्रं घेतली आहेत.

मी अकरावी सायन्सला आहे. आमच्या बाथरूममध्ये फूटभर लांबीचा काळपट साप सापडला, अंगावर पांढरे पट्टे आहेत. मोबाइलवर फोटो बघून मी तो कवड्या आहे हे ओळखलं. कवड्या बिनविषारी असतो. बिस्किटांच्या बरणीच्या झाकणाला भोकं पाडून आठ दिवस त्यात ठेवलाय. दूध दिलं, नाकतोडे दिले, काहीच खात नाही. घरी सांगितलेलं नाही. त्याला पाळायचा असेल तर खायला काय देऊ?
*– एक विद्यार्थी, फलटण तालुका*

तू पत्राखाली फोन नंबर दिला होतास, म्हणून अंक छापून यायची वाट न बघता मी त्याच संध्याकाळी तुला फोन केला. बरणी उघडू नकोस, ती जिथे आहे तिथेच ठेव, आईला आत्ता सांग आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळव, एवढं बोलले. तू चारही गोष्टी केल्यास. आईला सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागला, हे मला नंतर कळलं. रात्री आलेल्या सर्पमित्राने बाहेरूनच टॉर्च मारून पाहिलं. कवड्याच होता. तुझं बरोबर होतं.

तरीही मला त्या रात्री झोप लागली नाही, त्याचं कारण सांगते. कवड्या आणि मण्यार. दोन्ही काळपट, दोन्हींवर पांढरे पट्टे, दोन्ही रात्री फिरणारे, दोन्ही घरात येणारे. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं: डोक्यामागे थोडं अंतर कोरं, मग बारीक पट्टे, बऱ्याचदा जोडीजोडीने, शेपटीकडे जास्त स्पष्ट. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध षटकोनी, मोठ्या खवल्यांची एक ओळ असते. कागदावर हे सोपं वाटतं. बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली, ओल्या फरशीवर, पळणाऱ्या जनावराच्या पाठीवरचे खवले कोण मोजणार? सगळ्या कवड्यांचे पट्टे चित्रातल्यासारखे नसतात, मण्यारीचेही नसतात. तू झाडूने ढकलून बरणीत घेतलास म्हणालास. तेव्हा तुला तो कोण आहे हे माहीत नव्हतं. ओळख तू नंतर पटवलीस.

मण्यार चावली तर अनेकदा कळतही नाही. मुंगी चावल्यासारखं वाटतं, जागा सुजत नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या उचलत नाहीत, बोलणं जड होतं, आणि घरच्यांना वाटतं ॲसिडिटी झाली. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. तुझ्या घरी तुझी धाकटी बहीण खाली गादीवर झोपते, हे तूच मला फोनवर सांगितलंस.

आता तुझा प्रश्न. कवड्या पाली खातो. रात्री भिंतीच्या भेगेतून, छपराच्या वाशांतून पालींच्या मागे हिंडतो. खरखरीत भिंतीवर तो किती सहज चढतो हे बघण्यासारखं असतं. दूध कुठलाच साप आपणहून पीत नाही. सापाच्या अंगात दूध पचवण्याची सोयच नाही. तहानेने जीव कासावीस झालेला साप दुधात तोंड घालतो, कारण ते ओलं असतं. मग ते पोटात त्रास देतं, कधी फुप्फुसात जातं. तुझ्या सापाला हवी होती ती पाण्याची वाटी आणि लपायला जागा. चारही बाजूंनी उजेड येणाऱ्या बरणीत साप खात नाही, कारण त्याला सतत वाटत असतं की आपल्याला कुणीतरी पाहतंय, धरणार आहे. अशा वेळी तोंडापुढे पाल ठेवली तरी तो तिच्याकडे बघणार नाही.

हे मला माहीत आहे, कारण मीही हेच केलं होतं. तेव्हा मी तुझ्याएवढी नव्हते, शिकवायला लागून चार वर्षं झाली होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत धामण आणून ठेवली, साडेपाच फुटांची, ऊन पडलं की पाठ तांबूस-पिवळी चमकायची. पुढे काच आणि वर बारीक जाळी असलेल्या जुन्या कपाटात ती राहायची. मुलं रांगेने बघायला यायची, मला फार अभिमान वाटायचा. तिने पाच आठवडे काही खाल्लं नाही. बेडूक ठेवला तर बेडूक एका कोपऱ्यात आणि ती दुसऱ्या. दिवसभर ती नाक जाळीला लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची, परत यायची. मला वाटायचं, छान फिरतेय. एक दिवस जवळून पाहिलं तर नाकपुड्यांमधला खवला झिजून गेला होता आणि खालचं मांस लाल दिसत होतं. जाळीच्या तारेवर वाळलेलं रक्त होतं, बोटभर लांबीचं. आमच्या शिपाईमामांनी त्याच्या आधी पंधरा दिवस मला सांगितलं होतं, "बाई, तिला ओढ्याला सोडा." मी ऐकलं नाही. सोडायचं ठरवलं तोवर तिचं तोंड आतून सडलं होतं. ती कपाटातच गेली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे, म्हणजे तेव्हाही होता. मला तो शिकवायला येत होता, पाळायला आला नाही.

याच कायद्यामुळे तुझ्या पत्रातल्या "पाळायचा असेल तर" याला उत्तर नाही. आपल्याकडचा कुठलाही रानातला साप पकडून घरात ठेवता येत नाही, विषारी असो की बिनविषारी. २०२२ मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून धामण, नाग, घोणस हे अजगराच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. त्यांच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षं कैद. मी सांगितल्यावर तू लगेच सोपवलास म्हणून कुणी तुला काही म्हणणार नाही.

पण तू आठ दिवस एका सापाकडे बघत बसलास, हे मला फार मोलाचं वाटतं. वहीत लिहून ठेव: कुठे सापडला, किती वाजता, पाऊस होता का, पट्टे कसे होते, चित्र काढ. बाथरूमच्या बाहेर दिव्याखाली पाली किती येतात ते मोज. पुण्याला आलास की कात्रजच्या सर्पोद्यानात जा, नाग आणि धामण काचेपलीकडे नीट बघता येतात. आणि सर्पमित्र व्हायचं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर वनविभागाकडे रीतसर नोंदणी असलेल्या माणसाच्या हाताखाली शीक. तोवर झाडूलाही हात लावू नकोस.

आमच्या मुलाला (वय ११) वाढदिवसाला कॉर्न स्नेक हवा आहे. इथे इंग्लंडमध्ये ते दुकानात मिळतात, त्याच्या वर्गातल्या दोघांकडे आहेत. मला सापाची किळस नाही, पण आमचं घर शाकाहारी आहे, आणि सासूबाई दर नागपंचमीला चित्राची पूजा करतात. त्या म्हणतात, नाग पुजायचा असतो, पाळायचा नसतो. काय करावं?
*– एक आई, स्लाव*

ताई, तुमच्या पत्राने मला विचारात पाडलं, कारण फलटणच्या मुलाला दिलेलं उत्तर तुम्हाला देता येत नाही. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, तांबूस-नारिंगी. तो पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हाताखाली अंड्यांतून निघतो आहे. तुम्ही राहता तिथे त्याला परवाना लागत नाही. मात्र तिथल्या कायद्याप्रमाणे सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही. म्हणजे पावती तुमच्या नावावर होईल, आणि जनावराची जबाबदारीही तुमचीच.

आधी शाकाहाराचं. साप शाकाहारी होऊ शकत नाही, त्यात तडजोड नाही. तिथे गोठवलेले उंदीर पाकिटांत मिळतात. पिल्लू सापाला केस न फुटलेली उंदराची पिल्लं द्यायची, त्यांना तिथे 'पिंकी' म्हणतात. पिल्लाला पाच ते सात दिवसांनी एक, मोठ्या सापाला दहा-चौदा दिवसांनी एक. उंदीर सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढाच जाड असावा. रात्रभर फ्रिजमध्ये बर्फ सुटू द्यायचा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवायचा. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. आणि लांब चिमट्याने द्यायचा, हाताने दिलात तर साप तुमच्या बोटालाच उंदीर समजेल. हे वाचताना तुमच्या पोटात ढवळलं असेल तर तेच तुमचं उत्तर समजा आणि मुलाला स्पष्ट नाही म्हणा. त्यात काही कमीपणा नाही. ढवळलं नसेल तर उंदरांसाठी एक वेगळा छोटा फ्रीजर घ्या. पनीर आणि मटारशेजारी ते पाकीट ठेवायचं, की नाही ठेवायचं, यावरून घरात रोज वाद नकोत.

दुसरी गोष्ट वर्षांची. कॉर्न स्नेक नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. तुमचा मुलगा अठराव्या वर्षी कॉलेजला बाहेरगावी जाईल. साप तुमच्या घरी राहील. तो तेव्हा चार-पाच फूट झालेला असेल आणि त्याला पूर्ण ताणून पसरता येईल एवढं लांब घर लागेल. त्या घराचं एक टोक उबदार, तीस अंशांच्या आसपास, दुसरं गार, बावीस-चोवीस अंश. दोन्हीकडे लपायला जागा, पाण्याचं भांडं, आणि उष्णता देणाऱ्या यंत्राला थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट नसेल तर साप भाजतो, आणि भाजल्यावरही पुष्कळदा तिथून हलत नाही. झाकणाला कडी हवी. पेन्सिलीएवढा साप पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून जातो. डिसेंबरात तुम्ही भारतात याल, तेव्हा मोठा साप आठवडा-दोन आठवडे उपाशी राहील, पण ऊब आणि पाणी रोज कुणीतरी बघायला हवं. असा शेजारी आहे का? सरपटणारे प्राणी तपासणारा व्हेट किती मैलांवर आहे? हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे, कारण सापाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. सासूबाईंना हे आधी सांगा, नंतर कळलं तर बरं दिसणार नाही.

तिसरी गोष्ट मुलाशी बोला, माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. साप माया करत नाही. तो तुमच्या हाताला सरावतो, तुमच्या वासाला घाबरायचं थांबतो. कुत्र्यासारखा दाराशी येणार नाही. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला उचलायचं नाही, कात टाकायच्या सुमाराला उचलायचं नाही, म्हणजे बरेच दिवस त्याला फक्त बघायचं. मुलाला बघण्यात आनंद असेल तर त्याला जे मिळेल ते दुसऱ्या कुठल्या प्राण्याकडून मिळणार नाही. कात टाकण्याआधी सापाचे डोळे निळसर-दुधी होतात, जणू आतून धुकं चढलंय. काही दिवसांनी ते पुन्हा स्वच्छ होतात. मग एका सकाळी तो नाक दगडाला घासतो, ओठाशी कातडी सुटते, आणि तो तिच्यातून पुढे सरकत जातो. मोजा काढताना उलटा होतो तशी ती उलटी होत मागे राहते. डोळ्यांवरच्या दोन पारदर्शक टिकल्यांसकट. ती कात खिडकीपाशी धरून बघायला मुलाला सांगा. डोळ्यांच्या टिकल्या आल्या आहेत ना हे तपासणं हे त्याचं काम. त्या डोळ्यावर अडकून राहिल्या तर साप आंधळा होऊ शकतो.

दुकानातून आणण्याआधी प्राण्यांच्या निवारा केंद्रात चौकशी करा. हौस संपल्यावर सोडून दिलेले मोठे कॉर्न स्नेक तिथे असतात आणि ते पिल्लांपेक्षा हाताळायला सोपे असतात.

सासूबाईंचं वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे. आपल्या गावांत नागपंचमीला शेत नांगरत नाहीत, चिरत-कापत नाहीत, तव्यावर काही भाजत नाहीत. त्यामागे सापाला त्याच्या जागी असू द्यायचं, हीच भावना आहे. त्या तुमच्या मुलाच्या विरोधात नाहीत असं मला वाटतं. त्यांना तो साप दाखवायला आधी घेऊन जा, मग ठरवा.

माझ्या मेहुण्याला एक जण अडीच किलोचं मांडूळ द्यायला तयार आहे. घरात ठेवलं की भरभराट होते आणि नंतर कोटीत विकलं जातं म्हणतात. मी विश्वास ठेवत नाही, पण घरचे मागे लागलेत.
*– बार्शी*

दादा, नका घेऊ. मेहुण्यांनाही घेऊ देऊ नका. हे मी हात जोडून लिहिते आहे.

मांडूळ हा भुसभुशीत मातीत राहणारा, बिनविषारी, अतिशय शांत साप. उंदीर खातो, शेतकऱ्याच्या बाजूचा. त्याची शेपटी बोथट असते, डोक्यासारखी दिसते, म्हणून आपण त्याला दुतोंड्या म्हणतो. संकट आलं की तो डोकं वेटोळ्यात लपवतो आणि शेपटी पुढे करतो, म्हणजे शत्रू शेपटीला चावेल. जीव वाचवायची एवढीच युक्ती. सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे चालतो, गुप्तधन दाखवतो, पैशांचा पाऊस पाडतो, यातलं काहीही खरं नाही. कोटीला विकत घेणारा माणूस कुणालाच भेटलेला नसतो. प्रत्येकाला पुढच्या गिऱ्हाइकाचा भरवसा दिलेला असतो, आणि शेवटच्या माणसाच्या हातात साप आणि पोलीस एकाच दिवशी येतात. घेणं, विकणं, घरात ठेवणं, तिन्ही गुन्हे आहेत.

सोडवून आणलेलं एक मांडूळ मी हातात घेतलं होतं. त्याच्या शेपटीवर डागण्या देऊन दोन डोळे आणि एक तोंड काढलेलं होतं. दोन तोंडं खरी वाटावीत म्हणून. बोट फिरवलं तर तिथले खवले वितळून एक झालेले लागत होते. तेवढं घरच्यांना वाचून दाखवा.

फ्लॅटमधल्या मित्राने बॉल पायथन आणलाय. तो म्हणतो परदेशी साप असल्यामुळे आपला कायदा लागू होत नाही. खरं आहे का?
*– हिंजवडी, पुणे*

नाही. पूर्वी परदेशी जातींबाबत कायदा ढिला होता, आता तसं नाही. बॉल पायथन हा पश्चिम आफ्रिकेतला अजगर, आणि त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची मालकी सरकारकडे नोंदवावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे नियम आले आणि नोंदणी केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर होते. मित्राकडे खरेदीचा आणि मूळ आयातीचा कागद आहे का, हे आजच विचारा. नसेल तर तो साप कसा आला असेल याचा अंदाज करा: डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात केक-बिस्किटांच्या पाकिटांत कोंबलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले होते. वकिलाचा सल्ला घ्या आणि वनविभागाशी बोला. घाबरून टेकडीवर सोडू नका. तो तिथे मरेल, किंवा आपल्या सापांना नसलेले रोग देईल.

आमच्या शेजारी एका बाबांनी दात काढलेला नाग टोपलीत ठेवलाय. मुलांच्या गळ्यातही घालतात. दात काढल्यावर धोका नसतो ना?
*– कोल्हापूर जिल्हा*

असतो. विषदंताच्या मागे नवे विषदंत तयार असतात, पडलेल्याची जागा काही आठवड्यांत भरते. विषाची ग्रंथी तर तशीच राहते. १९२६ वर कळवा, नाव न सांगताही चालेल. आणि कुणाला चावलाच तर टोपली, मंत्र, जडीबुटी काही नको. हात-पाय हलू न देता थेट सरकारी दवाखान्यात न्या, गाडी नसेल तर १०८. बांधायचं नाही, चिरायचं नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही.

आमच्या पडवीच्या जोत्यात चार वर्षं एक धामण आहे. मी एकटीच राहते. मुलगा मुंबईहून सांगतो, पकडून न्यायला लाव. मला तिची सवय झाली आहे. काही खायला ठेवावं का?
*– एक आजी, देवरुखजवळ*

आजी, काहीही ठेवू नका. तिचं जेवण तुमच्या जोत्यात आणि भाताच्या कणगीखालीच आहे, उंदीर होते म्हणूनच ती आली. ती बिनविषारी आहे. गाईचं दूध पिते, म्हशीच्या पायाला विळखा घालते, हे लोक सांगतील, ते खोटं आहे. तिला तसं तोंडच नाही. पण एवढं करा: जिथे ती राहते तिथे उंदरांच्या वासाने नागही येऊ शकतो, म्हणून रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि काठी घ्या, जळण घराच्या भिंतीपासून लांब रचा, बिळात हात घालू नका, आणि झोपताना मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या. आणि एकदा जाणत्या सर्पमित्राला बोलावून ती धामणच आहे ना हे नुसतं बघून घ्या. मुलाला माझा हा जबाब वाचून दाखवा, त्याला तुमची काळजी वाटते तेही बरोबर आहे.

तुम्ही पत्रात लिहिलंय की दर वर्षी पावसाच्या सुरुवातीला जोत्याच्या चिऱ्यात तिची कात अडकलेली मिळते. या वेळी ती टाकून देऊ नका. सावकाश सोडवून, फरशीवर सरळ ठेवून सुतळीने मोजा. कात ताणली जाते, त्यामुळे सापापेक्षा ती जरा लांबच भरेल. सुतळी कापून पाकिटातून मला पाठवा, मी माझ्याकडे नोंद करून ठेवते.